टर्नस्टोनला फक्त आपण दोघं

"अख्ख्या अमेरिकेत आता एकच जागा उरलीय जिथे आपलं माणूस पोचलेलं नाही, आणि ती मी शोधून काढलीय!"

बेलव्ह्यूच्या आपल्या किचनमध्ये उल्हासने चहाचा मग ट्रॉफीसारखा उंच धरून ही घोषणा केली. शोभना भेंडी चिरत होती. तिने मान वर न करताच विचारलं, "आपलं म्हणजे? भारतातलं?"

"आपलं म्हणजे महाराष्ट्र मंडळातलं गं! अलास्कात टर्नस्टोन नावाचं गाव आहे. फियॉर्ड! दोन्ही बाजूंना भिंतीसारखे डोंगर, आणि मधल्या बोळातून समुद्र आत घुसलेला. रस्ताच नाही! पाण्यावर उतरणारं टिचभर विमान, नाहीतर बोट. गावात एक लॉज, एक दुकान. आपल्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस तिथे. फक्त आपण दोघं!"

शोभनाची सुरी थांबली.

तिला थांबायचं कारण होतं. लग्न झाल्यापासून ही दोघं दोघंच अशी कुठे गेलीच नव्हती. हनिमूनला महाबळेश्वरला गेली, तर "गाडीत जागा आहेच" म्हणून उल्हासची आत्या, तिचे गुडघे आणि गुडघ्यांचं तेल बरोबर होतं. यलोस्टोनला दोन व्हॅन होत्या. हवाईच्या समुद्रकिनाऱ्यावर सूर्य बुडत असताना शोभना पंधरा माणसांच्या खिचडीच्या शिट्ट्या मोजत होती. दर ट्रिपनंतर ती म्हणायची, "एकदा तरी दोघंच जाऊ या." आणि उल्हास म्हणायचा, "पुढच्या वेळी, प्रॉमिस!"

"खरंच फक्त दोघं?" तिने विचारलं.

"तिसरा आला तर नाव बदलेन!"

हा उल्हास म्हणजे मंडळातला नामांकित वात्रट. गणपतीत मोदकात हिरवी मिरची भरणारा, एक एप्रिलला अख्ख्या टीमला "आपलं ऑफिस नॉर्थ डकोटाला हलवलंय" असं मेल पाठवून दोघांना रडवणारा. आपण लोकांना बनवतो, आपल्याला कोणी बनवू शकत नाही, यावर त्याचा इतका विश्वास होता, की बँकेने त्यावर लोन दिलं असतं.

शनिवारी अनुपकडे जेवण होतं. अनुप नागपूरचा, ऑफिसातला मित्र. जेवण झालं, पान झालं, आणि मग आपल्या लोकांचा खरा कार्यक्रम सुरू झाला : दारात उभं राहून निघणं. एका पायात बूट, दुसरा हातात, आणि गप्पा अशा की जणू संध्याकाळभर कोणाला तोंड उघडायला मिळालंच नव्हतं. त्यात उल्हासला राहवलं नाही. त्याने टर्नस्टोन सांगितलं. डोंगर सांगितले, विमान सांगितलं, हात पसरून विमान उतरवूनसुद्धा दाखवलं.

"वा! मजा आहे बाप्पा तुमची!" अनुप म्हणाला.

आणि उल्हासच्या तोंडून, कोणी शिंकल्यावर "ब्लेस यू" निघावं तसं, आपसूक निघालं, "चला ना तुम्हीपण!"

आता हे वाक्य काय असतं ते तुम्हाला-मला माहीत आहे. दार लावता लावता "जेवूनच जा ना" म्हणतो, त्यातलं. समोरच्याने यावर "नको नको, पुढच्या वेळी नक्की!" म्हणायचं, दोघांनी हसायचं आणि दुसरा बूट घालायचा. पुण्यात हे व्यवस्थित चालतं.

अनुप नागपूरचा होता!

"काहून नाही? चलतो ना!" तो उडालाच आणि बायकोकडे वळला. "उपासना, ऐकलं का? उल्हास अलास्काला बोलावून राहिला! बाबा इथंच आहेत तोवर त्यांचंही होऊन जाईल!"

सोफ्यावरून अनुपच्या वडिलांनी, पंडितकाकांनी, डोळे उघडले. "कुठे जायचं आहे? मी तयार आहे."

परतताना गाडीत शोभना खिडकीबाहेर बघत होती. उल्हास म्हणाला, "अगं, मॅनर्स असतात."

"हो ना," शोभना म्हणाली. "तुझे मॅनर्स फार चांगले आहेत. आत्यांनाही तूच विचारलं होतंस."

सोमवारपर्यंत ही बातमी वल्लरीकडे पोचली. वल्लरी मंडळाची सेक्रेटरी. चार माणसं कुठे एकत्र जाताहेत असं कळलं, की तिच्या हातून आपोआप व्हॉट्सअॅप ग्रुप तयार होतो. 'फियॉर्ड फॅमिली' नावाचा ग्रुप निघाला. बुधवारी त्यात या दोघांखेरीज एकोणीस जण होते. गुरुवारी टी-शर्टचा रंग ठरला. शुक्रवारी चिवडा करायचं काम शोभनाकडे आलं.

"हे बघ, तू काळजी करू नको," उल्हास शोभनाला म्हणाला. "यांना मी असा घाबरवतो की एकेक करून गळतील. तू फक्त गंमत बघ."

"मी ग्रुप म्यूट केलाय," शोभना म्हणाली. "मला गंमत नकोय. मला टर्नस्टोन पाहिजे."

उल्हासने मोहीम उघडली. पहिला बाण : 'मंडळी, तिथे इंटरनेट नाही. फोनला रेंज नाही. ऑफिसवाले मेले तरी तुमच्यापर्यंत पोचू शकणार नाहीत.'

अर्ध्या मिनिटात ग्रुपवर दिवाळी झाली! 'मॅनेजर पोचणार नाही??' 'लिहून दे यार!' 'मी दोन दिवस आधीच जाऊ का?' गळणं राहिलं बाजूला, तीन नवीन माणसं वाढायच्या बेतात होती.

दुसरा बाण : 'अस्वलं आहेत. मोकळी. लॉजच्या दारात येतात.' लगेच सगळ्या घरांतली मुलं आईबापांच्या मानगुटीवर बसली. वल्लरीच्या मुलाने तर अस्वलाचं नावसुद्धा ठरवून टाकलं.

तिसरा : 'रोज पाऊस. सूर्य दिसत नाही.' यावर पंडितकाकांनी व्हॉइस मेसेज टाकला, "उल्हास, मी नागपूरचे सत्तर उन्हाळे काढलेले आहेत. तिथे ऊन नाही ही गोष्ट तू आधी का नाही सांगितलीस?"

चौथा बाण ब्रह्मास्त्र होता : 'व्हेज काहीही मिळत नाही. फक्त मासे.' वल्लरीने उत्तरात एक एक्सेल शीट टाकली. त्यात कोण कुकर आणणार, कोण पोळ्या, कोण लोणचं, सगळं रकान्यांत भरलेलं. खाली टीप : 'बाकीच्यांनी मासे खावेत. त्यांचीच चंगळ आहे.'

आता उल्हास पेटला. साधी सरळ भीती या लोकांना पुरत नाही, यांना बनवावंच लागणार! लॉजची मालकीण डोना. तिच्याशी तो फोनवर बोलला, ठरलेल्या तारखेच्या पुढच्या आठवड्यात लॉज पूर्ण रिकामा आहे याची खात्री केली, आणि ग्रुपवर टाकलं :

'मित्रांनो, सॉरी! आपल्या आठवड्यात लॉज पक्षी बघणाऱ्या एका ग्रुपने घेतलाय. ट्रिप बरोब्बर एक आठवडा पुढे. सगळ्यांनी सुट्ट्या बदलून घ्या!'

सगळ्यांनी बदलल्या. वल्लरीने डोनाला फोन करून खोल्या घेतल्या, एकेकाची विमानं पुढे ढकलली, शीटचा रंग हिरवा केला. उल्हास सोफ्यावर एकटाच हसत लोळत होता. एकोणीस माणसं एका आठवड्याने जाणार, तोवर आपण दोघं जाऊनसुद्धा आलेलो असणार! मग तोंड पाडून म्हणायचं, "अरेरे, काहीतरी गोंधळ झाला बुवा!"

शोभनाला मात्र त्याने सांगितलं नाही. शोभना रोज सकाळी क्लिनिकला जाताना गाडीतून उपासनाशी बोलते, आणि शोभनाच्या पोटात गुपित ठेवणं म्हणजे चाळणीत ताक ठेवणं. शिवाय ग्रुप तिने म्यूट केलेला. तिला कळणार कुठून? निघायच्या आदल्या संध्याकाळी सांगू, सरप्राइज! खुशीने ती रडेल, असंही त्याने मनात बघून ठेवलं होतं.

आदली संध्याकाळ आली. उल्हास शीळ घालत बॅग भरायला लागला. शोभना चिवड्याचे पोहे भाजत होती. एकोणीस जणांचे.

"आज कसली बॅग भरतोस?" तिने विचारलं. "अजून आठवडा आहे ना?"

उल्हासने शीळ अर्ध्यावर सोडली. "आठवडा? तुला कोणी सांगितलं?"

"उपासनाने. म्हणाली, उल्हासनेच तारीख बदलली. मी क्लिनिकमध्ये सुट्टी बदलून घेतली. हा आठवडा सुट्टीसाठी तिथल्या कार्लाला दिला, तिच्या मुलीचं लग्न आहे. माझं तिकीटही वल्लरीने पुढे करून दिलं. तुझं काय ते तू केलं असशील म्हणाली."

उल्हास पलंगावर बसला. बॅगेवरच बसला. आतला शेव्हिंग क्रीमचा डबा फुस्स करून फुटला, पण त्याला ते कळलं नाही. त्याने सगळा प्लॅन सांगितला. पक्षी नाहीत. ग्रुप नाही. तारीख तीच. उद्या सकाळचं विमान.

शोभनाने गॅस बंद केला.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुझ्या चेहऱ्यावर दिसलं असतं गं!"

"मग आता बघ काय दिसतंय ते."

उल्हासने बघितलं आणि लगेच बॅगेकडे बघायला लागला.

"मला त्या गर्दीतून बाहेर काढायचं होतंस ना?" शोभना शांतपणे म्हणाली. ती शांत झाली की उल्हासला जास्त भीती वाटते. "तू गर्दी बाजूला काढलीस आणि मला तिच्यातच ठेवलंस. एकोणीस जणांना बनवलंस, विसावी मी."

"कार्लाला सांग ना, परत..."

"मुलीचं लग्न पुढे ढकलायला सांगू? पक्षी आलेत म्हणून?"

"मग मीच तिकीट पुढे ढकलतो! मीपण तुमच्याबरोबर..." आणि उल्हासला आठवलं. पुढच्या आठवड्यात त्याच्या टीमच्या नव्या सॉफ्टवेअरचं रिलीज होतं. त्यानेच स्वतः, मोठ्या ऐटीत, मॅनेजरला लिहून दिलं होतं : 'त्या आठवड्यात मी जागचा हलणार नाही.' नॉर्थ डकोटाच्या मेलमुळे रडलेल्या दोघांपैकी एक तो मॅनेजरच होता. त्याच्याकडून दया मिळायची आशा नव्हती.

"तू जा," शोभना म्हणाली आणि गॅस पुन्हा लावला. "इतक्या वर्षांनी एकांत मिळतोय. वाया घालवू नकोस."

उल्हास गेला! काय करणार? घरी राहिला असता तर त्या चेहऱ्यासमोर राहायचं होतं.

टर्नस्टोन खरंच सुंदर होतं. टिचभर विमान हिरव्या पाण्यावर उतरलं तेव्हा डोंगरांच्या कड्यांवरून इतके धबधबे लोंबत होते, की जणू कोणी धोतरं वाळत घातली आहेत. उल्हासने शेजारी वळून "बघ, बघ!" म्हटलं. शेजारच्या सीटवर टपालाची पोती होती.

धक्क्यावर डोना उभी होती, हातात फुलं घेऊन. तिने विमानाच्या दाराकडे बघितलं. मग दाराच्या आत बघितलं. "व्हेअर इज द ब्राइड?"

"नेक्स्ट वीक," उल्हास म्हणाला.

"ओह, हनी," डोना म्हणाली, आणि पुढे चौकशी केली नाही. यापेक्षा तिने केली असती तर बरं, असं उल्हासला वाटलं.

संध्याकाळी खिडकीशी टेबल मांडलेलं. मेणबत्ती. दोन खुर्च्या. केकवर 'उल्हास अँड शोभना'. समोर फियॉर्डवर ऊन उतरलेलं, पावसाचा थेंब नाही. डोनाने हळूच विचारलं, "दुसरी खुर्ची नेऊ का?" उल्हास म्हणाला, "राहू दे." केकवरचा स्वतःचा भाग त्याने खाल्ला. 'शोभना'ला सुरी लावायची हिंमत होईना.

तेवढ्यात फोन खणखणला. लॉजचं वाय-फाय एकदम फर्स्टक्लास होतं. व्हिडिओ कॉल! स्क्रीनवर शोभना, आणि तिच्यामागे अनुपच्या दिवाणखान्यात अख्खी फियॉर्ड फॅमिली, हिरव्या टी-शर्टमध्ये.

"हॅपी अॅनिव्हर्सरी!" सगळे ओरडले.

"अबे, इंटरनेट तर आहे ना तिथं!" अनुप दचकून म्हणाला. "मॅनेजर पोचतो का काय मग?"

उल्हास शोभनाकडे बघत होता. ती हसत होती. हसणं छान होतं आणि अजिबात भरवशाचं नव्हतं.

"मी सगळ्यांना सांगितलं," ती म्हणाली. "की पक्षीवाल्यांच्या गर्दीत एक खोली मिळवून तू आमच्यासाठी आधी एकटाच गेलास. पाहणी करायला. लग्नाचा वाढदिवस असून."

टाळ्या पडल्या! पंडितकाका कॅमेऱ्याच्या इतके जवळ आले की नुसतं कपाळ दिसायला लागलं. "उल्हास, आजच्या काळात दुसऱ्यासाठी कोण एवढं करतं? माझं एक काम कर. बाथरूममध्ये जाऊन कमोडची उंची दाखव. माझे गुडघे वाकत नाहीत."

"सगळ्या खोल्यांमधले दाखव!" वल्लरी म्हणाली. "आणि डोनाला विचार, कुकर चालेल का. मी रकाना केलाय."

उल्हासने एकदा केककडे बघितलं, एकदा रिकाम्या खुर्चीकडे, आणि मग शोभनाकडे. "शोभना, दोन मिनिटं फक्त तुझ्याशी..."

"आधी काकांचं काम कर," ती म्हणाली. "रांगेत सगळेच आहेत."

उल्हास उठला. फियॉर्डवर शेवटचं सोनेरी ऊन पसरलेलं असताना तो लॉजच्या पहिल्या बाथरूममध्ये गुडघ्यांवर बसून कमोडला वीत लावत होता आणि बेलव्ह्यूतून वीसच्या वीस जण त्याला "जरा डावीकडे घे" म्हणून सांगत होते. दुसरं बाथरूम झालं, तिसरं झालं. चौथ्याच्या दारात वल्लरीने एकदम टाळी वाजवली.

"काय मस्त सिस्टिम आहे ही! शोभना, ऐक ना, पुढच्या वर्षी नॉर्वे करू या. उल्हासला आठवडाभर आधी पाठवू!"

आणि शोभना, जिच्या पोटात काही राहत नाही, ती लगेच म्हणाली, "तिकीट काढलं मी त्याचं."