चुंबकाची खुर्ची आणि लीबेरच्या खुणा

ओरोस्मानची आठवणीची परीक्षा मंगळवारी होती आणि सोमवारी दुपारपासून त्याचा पत्त्यांतला जोडीदार लीबेर भुवया उडवण्याचा सराव करत होता.

सहा आठवडे ओरोस्मान साल्तो शहरातल्या दवाखान्यात जात होता. खुर्चीत बसायचं, डोक्याला चुंबकाचं यंत्र लावायचं, ते अर्धा तास टकटक करणार. ना सुई, ना चाकू. आठवणीत फरक पडला नाही, तर मुलगी नीबिया घराला कुलूप ठोकून त्याला मॉन्टेव्हिडिओला आपल्या सातव्या मजल्यावर नेणार होती. तिचंही चुकत नव्हतं. मागच्या महिन्यात म्हातारा माते नावाच्या चहाचं पाणी गॅसवर ठेवून नदीवर मासे धरायला गेला होता.

पण तो गेला तर लीबेरनं पत्त्यांचा त्रुको खेळायचा कुणाशी? त्रुकोत जोडीदाराला तोंडाच्या खुणांनी पानं कळवायची, ही रीतच आहे. त्याला कुणी लबाडी म्हणत नाही. डॉक्टर पेरेइरा दहा चित्रं दाखवताना सोबतच्यांना आत बसू देत, तासाभरानं ती विचारताना मात्र काचेबाहेर काढत. काच आहे म्हटल्यावर लीबेरला आणखी काय हवं?

"भुवया उडवल्या की घोडा, गाल फुगवले की भोपळा, तोंड वाकडं केलं की नांगर," त्यानं पढवलं; मागच्या खेपेला तो आत बसलाच होता. "तू फक्त माझ्याकडं बघ, लेका."

मंगळवारी डॉक्टरांनी विचारायला सुरुवात करताच लीबेरनं काचेबाहेर भुवया उडवल्या, गाल फुगवले आणि तोंड थेट डाव्या कानाकडे नेलं. तिथून जाणाऱ्या नर्सला वाटलं, याला पक्षाघाताचा झटकाच आला. तिनं हात वर करायला सांगितले; खूण बिघडेल म्हणून यानं केले नाहीत. बोलायला सांगितलं, हा गाल फुगवून गप्प. दोन मिनिटांत लीबेर स्ट्रेचरवर आडवा होता. परीक्षा आटोपून डॉक्टर, नीबिया आणि ओरोस्मान बाहेर आले, तोवर त्याच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टाही बांधून झाला होता.

"मला काही झालेलं नाही," तो कळवळून म्हणाला. "याला उत्तरं सांगत होतो."

नीबियाला रडूच आलं. वडिलांची दहापैकी नऊ बरोबर, म्हणून ती आत्ताच खूश झाली होती.

डॉक्टरांनी हातातला कागद पाहिला. "काय काय सांगितलंत?"

"घोडा, भोपळा, नांगर, किल्ली..." लीबेरनं धडाधड दहाही म्हणून दाखवली.

"ही मागच्या मंगळवारची. आजची तर तुम्ही तासाभरापूर्वी आत बसून बघितलीत."

लीबेरनं बोटं मोजायला घेतली. आजचं एकही चित्र त्याला आठवेना.

नीबिया वडिलांकडे वळली. "पपा, तुम्ही यांच्याकडं बघितलंच नाही?"

"चाळीस वर्षांत याची एक खूण बरोबर निघाली नाही. मी कशाला बघू?"

"मग त्यांना नको का नाही म्हणालात?"

"एवढ्या हौसेनं सराव करत होता."

डॉक्टरांनी लीबेरच्या नावाचा नवा कागद काढला आणि त्यावर पुढचा मंगळवार लिहिला. ओरोस्मानला आज पहिल्यांदा स्वतःची नाही, दुसऱ्याची काळजी वाटली. नीबिया डोळे पुसून हसली आणि कुलपाचं राहू दे, पण आठ दिवस तरी राहायला या म्हणाली.

"येईन की," तो लीबेरच्या दंडाचा पट्टा सोडवत म्हणाला. "पण मंगळवारी परत यावं लागेल. याला इथं कोण आणणार?"