वर कोणाला विचारणार?

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर बायका पापड वाळत घालतात. सावंतकाका टॅबलेट वाळत घालायचे. भर दुपारी, बारा ते दोन. बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीत स्वतः, डोक्यावर ओला नॅपकिन, आणि दर दहा मिनिटांनी वहीत नोंद: 'दिसतोय. गरम. अजून चालू.'

कारण सांगतो. काकांची एकुलती एक मुलगी, रेवा, विदर्भात विमान चालवायला शिकतेय. दोन सीटचं चिमुकलं विमान. येत्या गुरुवारी ती पहिल्यांदाच एकटी दुसऱ्या गावच्या धावपट्टीपर्यंत जाऊन परत येणार होती. वरून नकाशावर वाट शोधायला टॅबलेट बरा पडतो, असं ती फोनवर सहज बोलून गेली आणि इथे भाईंदरमध्ये काकांची झोप उडाली.

"अरे, खाली चुकलो तर रिक्षावाल्याला विचारतो. वर कोणाला विचारणार?" हे मी इतक्यांदा ऐकलं, की बायकोने चहा ठेवू का म्हटलं तरी माझ्या तोंडात तेच यायचं.

काकांनी जन्मभर एका औषध कंपनीचं स्टोअर सांभाळलं. तपासल्याशिवाय साधी बाटली आत घेतली नाही. टॅबलेटही तसेच, दुकानातून, शेजाऱ्यांकडून मागून आणलेले; आधी भर उन्हात टिकतो का ते गच्चीवर बघायचं. मग पायलट बांधतात तसा एकेक मांडीला बांधून ते डायनिंगच्या खुर्चीत बसायचे आणि गुडघ्यांमध्ये लाटणं उभं धरायचे. लाटणं म्हणजे विमान वळवायचा दांडा. तो डावी-उजवीकडे फिरवताना टॅबलेटला लागला, की टॅबलेट नापास.

"आणि मी पोळ्या कशाने लाटू?" काकू आतून विचारायच्या.

मांडीचा पट्टा काकांनी स्वतः शिवला, स्टोअरच्या जुन्या खाकी पँटचा. टाके वाकडे, पण हत्तीला बांधला तरी तुटणार नाही असा.

शेवटी एक छोटा टॅबलेट पास झाला. नकाशावरचा ठिपका बरोब्बर आमच्या बिल्डिंगवर. काकांनी तो विकत घेतला, वर मला पेढा दिला. तरी रविवारी म्हणाले, "एकदा चालत्या गाडीवर बघू." मग काय, माझी स्कूटर, मागे काका, मांडीवर टॅबलेट. उत्तन मागे टाकून पाली कोळीवाड्याच्या गल्लीत शिरलो तेव्हा त्यांचा आवाज बारीक झाला.

"आपण अजून घरीच आहोत रे."

ठिपका हललाच नव्हता. घरी तो वायफायच्या जिवावर पत्ता सांगत होता. वायफाय सुटलं आणि बसला तिथेच. मासळी निवडणारी एक मावशी म्हणाली, "कुठं जायचं हाय? आमाला इचारा."

"इथे ह्या आहेत," काका म्हणाले. आणि वर आभाळाकडे बघितलं. तोवर मी त्यांची मजाच घेत होतो, पण तेव्हा मीही वर बघितलं.

दुसऱ्या दिवशी दुकानदार म्हणाला, "अंकल, सिमवाला लो, उसमें जीपीएस अंदर रहता है." बदलून घेतला. पुन्हा गच्ची, पुन्हा लाटणं, पुन्हा पाली. या वेळी ठिपका आमच्याबरोबर गल्लीत आला. कुरियर रेवाला बुधवारी मिळालं.

गुरुवारी काकूंनी काकांना घरातून हाकललं. येरझाऱ्या बघवेनात म्हणे. ते सकाळपासून माझ्या सोफ्यावर, खांद्यावर नॅपकिन, चहा गार. साडेअकराला फोन वाजला, तो त्यांना उचलवेना. मीच स्पीकर लावला.

"बाबा, उतरले."

"टॅबलेट चालला?"

"अरे, पहिल्या वेळी सर चालू करू देत नाहीत. कागदाचा नकाशा आणि घड्याळ, बस्स."

काकांनी गार चहाचा कप बाजूला सरकवला. मग हळूच म्हणाले, "म्हणजे बॅगेतच होता."

"नाही रे, मांडीवर. बंद. नकाशा त्याच्यावरच ठेवला. पट्टा तू शिवलायस ना. भीती वाटली की त्यावर हात ठेवायचे."

"बंद होता, मग गरम नसेल झाला," काका म्हणाले. आणि खांद्यावरचा नॅपकिन तोंडावर धरला.