इराजला कुणी भांडूच देईना!

"स्वीडिश माणूस मला पाठ आहे, पाठ!" असं इराज दिवसातून एकदा तरी म्हणायचाच. म्हणणारच! सत्तावीस वर्षं हेल्सिंगबोर्गात तो लोकांच्या पँटी आखूड करून देत होता. "ज्या माणसाच्या पँटची शिवण मी उसवली, त्याच्या मनाची शिवण मला दिसणार नाही होय?"

ऐकणारा बहुतेक वेळा एकच असायचा. त्याचा मेहुणा कामबीझ. आठ महिन्यांपूर्वी शिराझहून नोकरीला आलेला, आणि रोज संध्याकाळी बहिणीकडे जेवायला येणारा. ताटातला भात संपेपर्यंत त्याला उठता येत नसे, आणि इराज तेवढी वेळ बरोब्बर साधायचा.

"ऐक. या लोकांनी सातला बोलावलं की सातला जायचं. पावणेसातला पोचलास तर खाली रस्त्यावर थांबायचं. तिथे आणखी चार पाहुणे घड्याळ बघत उभे असतील. त्यांच्याशी बोलायचं नाही."

"का, दाजी?"

"ओळख वर गेल्यावर होते! आणि हे 'बघू या' म्हणाले की समजायचं, संपलं. तुला काही अडलं तर मला विचार. या सबंध इमारतीत यांना माझ्याएवढं ओळखणारं कुणी नाही. त्यांच्यातसुद्धा नाही!"

तेवढ्यात दाराची बेल वाजली.

दारात गुनवोर उभी होती. सोसायटीची अध्यक्ष. वय सत्तर, पाठ ताठ, हातात फाइल, कानावर पेन्सिल.

"इराज, मागच्या अंगणात सायकलींसाठी शेड बांधायची आहे. तुझं तुतीचं झाड मध्ये येतंय. ते तोडलं तर तुला चालेल का?"

इराजची नजर खिडकीकडे गेली. एकोणीस वर्षांपूर्वी सुट्टी संपवून शिराझहून परत निघताना आईने घरच्या तुतीची वीतभर फांदी ओल्या रुमालात गुंडाळून त्याच्या मोज्यांत खुपसली होती. आई आता नाही. रुमालही कुठे गेला कोण जाणे. पण त्या फांदीचं झाड दुसऱ्या मजल्याच्या खिडकीला लागलं होतं, आणि दर जुलैत दोन वाडगे काळीभोर फळं देत होतं.

पण दारात सत्तरीची बाई उभी! आणि तीही काहीतरी मागायला आलेली! दारात आलेल्या माणसाला तोंडावर 'नाही' म्हणायला इराजच्या घरात कुणी कधी शिकलंच नव्हतं. त्याने छातीवर हात ठेवला आणि मान लववून म्हणाला, "अगं, झाडाचं काय घेऊन बसलीस! झाड तुझं, अंगण तुझं, मी तुझा! हवं तर मला तोड!"

आता कुठल्याही वळणाच्या माणसाने म्हणायचं, "छे छे, असं कसं!" मग इराज म्हणणार, "नाही, तोडच!" मग तिने म्हणायचं, "अजिबात नाही, माझी शपथ!" असं तीनदा झालं की झाड जागच्या जागी राहतं आणि दोघं मिळून चहा पितात. शिराझमध्ये पाळण्यातल्या पोरालाही हे कळतं.

गुनवोरने कानावरची पेन्सिल काढली. कागदावर खूण केली.

"किती बरं झालं! मला वाटलं होतं तुला वाईट वाटेल," ती म्हणाली, आणि गेलीसुद्धा! सगळं मिळून अर्धं मिनिट.

कामबीझचा घास हातातच राहिला. "दाजी, हे काय झालं?"

"काही नाही. जिन्यात विचार करेल आणि परत येईल. बस तू. पूरान, तिच्यासाठी चहा टाक!"

बायकोने चहा टाकला. चहा उकळला, निवला, वर साय धरायची तेवढी राहिली. गुनवोर काही आली नाही.

दुसऱ्या दिवशी खालच्या फळ्यावर सूचना लागली. 'इराजच्या प्रेमळ संमतीने तुतीचं झाड पुढच्या गुरुवारी सकाळी दहा वाजता तोडण्यात येईल. नंतर कॉफी.' खाली हसरा सूर्य काढलेला!

इराजच्या डोक्यात जाळ झाला. प्रेमळ संमती! आणि वर कॉफी! माझ्या आईच्या झाडाच्या तेराव्याला कॉफी! तो तीन जिने एका दमात चढला आणि गुनवोरच्या दारावर थाप मारली. बेल होती, पण बेल वाजवून राग दाखवता येत नाही.

"तू माझं झाड तोडणार?"

"हो. तू हो म्हणालास ना?"

"मी हो म्हणालो, पण 'हो' असं नाही म्हणालो!"

गुनवोरने चष्मा लावला. "मग मी काय ऐकायला हवं होतं?"

"तू तीनदा विचारायला हवं होतंस!"

"पहिल्यांदा ऐकू आलं होतं मला."

"ऐकू येण्याचा प्रश्नच नाही! मी मला स्वतःला तोड म्हणालो. मग मला का नाही तोडत?"

"त्याची गरज नाही," गुनवोर शांतपणे म्हणाली. "तू शेडच्या मध्ये येत नाहीस."

इराजला वाटलं आता हिने आवाज चढवावा. निदान दार आपटावं! पण तिने फक्त विचारलं, "तुझं मत बदललंय का, इराज? तसं असेल तर सांग." आणि पेन्सिलकडे हात नेला.

मत बदललंय म्हणायचं? म्हणजे दारात आलेल्या बाईला दिलेला शब्द भिंतीवरच्या पालीसारखा शेपूट टाकून पळाला म्हणायचं? इराज म्हणाला, "दिलेला शब्द मी मागे घेत नाही!"

"छान," गुनवोर म्हणाली, आणि दार लावलं. हळूच.

मग इराज अंगणात गेला. तुतीच्या बुंध्याला पाठ लावून त्याने चार मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सुरुवात केली. "दगड आहात तुम्ही, दगड! एकोणीस वर्षांचं झाड! कुणाला काही वाटत नाही?" वरच्या खिडक्या एकामागून एक बंद झाल्या, तेही आवाज न करता, जणू आवाजाचा त्रास इराजलाच होईल! तळमजल्यावरची एक तरुण बाई तेवढी बाहेर आली. इराजने बाह्या सरसावल्या. ती म्हणाली, "तुला पाणी हवंय का?"

घरी आल्यावर तो खुर्चीत कोसळला. "सत्तावीस वर्षं, पूरान! सत्तावीस वर्षांत या देशात माझ्यावर कुणी एकदा ओरडलं नाही. मी माणूस आहे की कुंडी?"

"अरे, वर जा आणि 'नको' म्हण. दोन अक्षरं आहेत."

"दोन अक्षरांसाठी अब्रू घालवू?"

"मग झाड घालव."

इराज तरातरा टेबलाशी गेला. "हे लोक तोंडाने भांडत नाहीत. हे भांडतात कागदावर! कपडे धुण्याच्या खोलीत कुणी यंत्रात पायमोजा विसरला तर पानभर लिहितात. मीही लिहितो!"

"दाजी, मी वाचून बघू का एकदा?" कामबीझने विचारलं. "स्वीडिशच्या वर्गात आमच्या बाई म्हणतात, शब्दाला शब्द ठेवून..."

"आठ महिन्यांचा तू मला शिकवणार?"

आणि त्याने लिहिलं. मनात जसं होतं तसंच, शब्दाला शब्द ठेवून स्वीडिशमध्ये उतरवलं. शेवटी जरा गोडवा हवा म्हणून एक ओळ जास्तीची घातली. कपडे धुण्याच्या खोलीच्या दारावर तो कागद झळकला:

'शेजाऱ्यांनो! हे झाड म्हणजे माझा प्राण आहे. गुरुवारी दहा वाजता मी त्याच्यावरून माझा जीव ओवाळून टाकीन. राग नसावा. तुम्ही सगळे इतके गोड आहात की एकेकाचं काळीज खावंसं वाटतं. इराज, दुसरा मजला.'

आता शिराझमध्ये आजी नातवाला रोज म्हणते, तुझं काळीज खाऊ का! त्यावर नातू हसतो. हेल्सिंगबोर्गात कुणी हसलं नाही. त्या दिवशी कपडे धुवायला कुणी उतरलंच नाही. इराज खूश! "बघ! बसला घाव!"

मंगळवारी पालिकेकडून एक मुलगी आली. टिल्डा नाव. मऊ आवाज, मऊ स्वेटर, हातात दोन फॉर्म.

"एक फॉर्म तुझ्या जिवाबद्दल आहे," ती म्हणाली, "आणि दुसरा शेजाऱ्यांच्या काळजाबद्दल. कुठला आधी भरू या?"

इराजचा जबडा खाली आला. पूरान स्वयंपाकघरात पळाली आणि तिथून भांडी पडल्यासारखा हसण्याचा आवाज आला.

"मला मरायचं नाहीये!" इराज गरजला. "आणि कुणाला खायचंही नाहीये! मी संतापलोय! संताप! कळतो का तुमच्या देशाला?"

टिल्डाने समजुतीने मान हलवली. "आणि हा राग तुला शरीरात नेमका कुठे जाणवतो?"

"तुझ्या फॉर्ममध्ये जाणवतो!"

तिने तेही लिहून घेतलं. जाताना म्हणाली, "तू भावना छान व्यक्त करतोस." इराजने उशी चावली.

बुधवारी संध्याकाळी गुनवोरने तातडीची सभा बोलावली. तळघरात लांब टेबल, कॉफीचे थर्मास, दालचिनीचे गोड पाव, आणि बोलणाऱ्यांच्या नावांची यादी. इराजचं नाव पाचवं. पहिल्या दोघांनी एकच वाक्य वेगवेगळ्या आवाजांत म्हटलं. "मी इराजच्या भावना समजू शकते, पण सायकली भिजतात." "मी इराजच्या भावनांचा आदर करतो, पण सायकली भिजतात."

तिसरा बोलत असतानाच इराजने टेबलावर मूठ आपटली. चमचे उडाले.

"समजू नका माझ्या भावना! भांडा माझ्याशी! मला मूर्ख म्हणा! अरे, कुणीतरी काहीतरी म्हणा!"

सगळ्यांनी आपापल्या कपात पाहिलं. गुनवोर म्हणाली, "इराज, तुझा नंबर पाचवा आहे."

आणि तेवढ्यात कोपऱ्यातली खुर्ची करकरली. टोर्स्टेन उठला. इराजच्या भिंतीला भिंत लागून राहणारा, पूर्वी डेन्मार्कच्या फेरीबोटीवर कामाला असलेला एक्याऐंशी वर्षांचा म्हातारा. एकोणीस वर्षांत त्याच्या तोंडून इराजने नमस्काराच्या पलीकडे शब्द ऐकला नव्हता, आणि हिवाळ्यात तर तोही नाही.

"झाड तोडायचं नाही," टोर्स्टेन म्हणाला आणि बसला.

गुनवोरची पेन्सिल थांबली. "कारण? नोंदीसाठी."

टोर्स्टेन कानापर्यंत लाल झाला. "मी खातो," तो पुटपुटला.

"काय?"

"तुतीची फळं. जुलैत. पहाटे पाचला, सगळे झोपलेले असताना. आधी माझी बायको ऊल्ला तोडायची, मी टोपली धरायचो. ती गेल्यापासून... एकटाच. चौदा वर्षं."

खरं तर इराजचे डोळे भरून यायला हवे होते. पण आठ दिवसांचा राग आत साठलेला. त्याला आता कुठे वाट सापडली!

"चौदा वर्षं! आणि मी बिचाऱ्या पक्ष्यांना शिव्या घालतोय! चोर!"

टोर्स्टेन ताडकन उठला. "अंगण सगळ्यांचं आहे!"

"झाड माझ्या आईचं आहे!"

"आणि तू उन्हाळ्यात महिनाभर शिराझला जातोस तेव्हा पाणी कोण घालतं? तुझी आई येते का बादली घेऊन?"

हे इराजला ठाऊकच नव्हतं. त्यामुळे तो आणखी भडकला. "मग सांगायचं होतंस!"

"तू विचारायचं होतंस!"

"तुझं तोंड कधी उघडतं?"

"तुझं कधी बंद होतं?"

लोकांनी पाव हातात तसेच धरले होते. तळमजल्यावरच्या बाईने पाण्याचा ग्लास भरला आणि कुणाला द्यावा हे न कळून स्वतःच पिऊन टाकला. टोर्स्टेन टेबलावर हात आपटत होता, इराज खुर्चीवर आपटत होता, आणि इराजचा चेहरा लग्नात नवरदेवाचा उजळतो तसा उजळत चालला होता!

गुनवोरने लाकडी हातोडी तीनदा वाजवली. "एकाचा विरोध आहे. म्हणजे एकमत नाही. एकमत नसेल तर झाड तोडता येत नाही. शेड दक्षिणेच्या भिंतीला होईल. कॉफी घ्या."

इराज उभ्याचा उभा राहिला. "एवढंच? एकाने 'नको' म्हटलं की पुरे होतं?"

"हो."

"मग मला हे कुणी सांगितलं का नाही!"

"मी दारात येऊन तेच तर विचारलं होतं," गुनवोर म्हणाली, आणि तिने इतिवृत्तात लिहिलं: 'मुद्दा सहा. झाडाविषयी मोकळेपणाने चर्चा झाली.'

त्या रात्री इराज घरात तरंगत होता. "पूरान, कबाबचं मांस मुरत घाल! उद्या टोर्स्टेन जेवायला! आता तो परका नाही. इतकं जिवाभावाचं भांडण आमच्याकडे सख्ख्या भावांतच होतं. बर्फ फुटला, कामबीझ, फुटला! बघ कसा गळ्यात पडतो ते!"

सकाळी आठला तो दुकानात जायला निघाला आणि लिफ्टमध्ये शिरला. दार मिटणार तोच समोर टोर्स्टेन आला. कोट, टोपी, हातात रिकामी पिशवी. इराजने दारात पाय घातला, दोन्ही हात पसरले आणि सगळ्या जिन्यांत घुमेल असा ओरडला, "टोर्स्टेन! माझ्या भावा!"

टोर्स्टेन आपल्या बुटांकडे बघत एक पाऊल मागे सरकला.

"तू जा," तो म्हणाला. "मी पुढच्या लिफ्टने येतो."

इमारतीत लिफ्ट एकच आहे.