लेट आहे, रद्द नाही

संध्याकाळी आमच्या गल्लीत पहिल्यांदाच आलेला पाहुणा चहाला तोंड लावण्याआधी एकच प्रश्न विचारायचा, "अहो, समोरच्या पायरीवर ते गृहस्थ आणि ती कुत्री, सगळे एका रांगेत रस्त्याकडे बघत का बसलेत?"

ते आमचे गार्डकाका. मनमाडला मालगाडीचे गार्ड म्हणून जन्म गेला. रिटायर झाल्यावर नाशिकरोडला आमच्यासमोर घर बांधलं आणि वर्षाच्या आतच काकू गेल्या. मूलबाळ नव्हतं. पुढच्या दिवाळीत काकांनी फाटकाला पाटी लावली : 'गावाला जाणाऱ्यांच्या कुत्र्यांची सोय. वाट पाहण्यास सोबत मिळेल.'

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं ती. नाशकात तेव्हा लोक शेजाऱ्याला किल्ली देऊन 'जरा भाकरी टाका हो त्याला' म्हणत आणि गाडी पकडत. गल्लीने पाटीची यथेच्छ टिंगल केली. मी तरी कसा मागे राहणार? "काका, आमच्या सासूबाईंची सोय होईल का?" म्हटलं. काका गंभीरपणे म्हणाले, "त्या तुमची वाट बघत असतील तर आणा." सासूबाई आमच्या ओट्यावरच शेंगा निवडत बसल्या होत्या. तो विषय घरात महिनाभर पुरला.

पण धंदा चालला. काकांचं म्हणणं एवढंच, "भाकरी कुणीपण टाकेल हो. पण दिवेलागण झाली की यांचा जीव दाराशी जातो. तेव्हा शेजारी कुणी नको का?" म्हणून रोज त्या वेळेला ते हातपाय धुऊन, धुतलेला सदरा घालून पायरीवर बसत. त्या वेळी कुणी बोललेलं चालत नसे. मी एकदा निवडणुकीच्या गप्पा घेऊन गेलो, तर झेंडी दाखवावी तसा हात वर केला. "ड्युटीवर आहे."

मालकांनाही शिस्त होती. रिक्षा कोपऱ्यावर सोडायची आणि चालत यायचं, म्हणजे कुत्र्याला लांबून दिसतं. मालक आला की काका त्याच्याकडे बघतसुद्धा नसत. ते वाकून कुत्र्याकडे बघत. त्याचे कान, त्याचं अंग, त्याची ती वेड्यासारखी धावाधाव. "राईट टाईम!" असं ओरडत आणि मग रात्री जेवेपर्यंत गुणगुणत असत.

मांजर मात्र घेत नसत. गंगापूर रोडच्या एक बाई पांढरंशुभ्र मांजर टोपलीत घालून आल्या. काकांनी हातच जोडले. "बाई, मांजराचं काही कळत नाही. तुम्ही आलात तरी ते तोंड फिरवून बसणार. मग मी काय समजायचं?"

"पण तुम्हाला काय समजायचंय?" बाईंनी विचारलं. काकांनी टोपली उचलून रिक्षापर्यंत पोचवली.

मग मोत्या आला. देवळाली कॅम्पातल्या एका जवानाची बायको त्याला घेऊन आली. नवरा सीमेवर गेलेला, ती बाळंतपणाला साताऱ्याकडे माहेरी निघालेली. दोन महिन्यांत येते म्हणाली. दोन महिने झाले, उन्हाळा गेला, पाऊसही सरला. बाई नाही, निरोप नाही. गल्लीने निकाल देऊन टाकला, कुत्रं गळ्यात बांधून गेली.

मोत्या रोज पायरीवर बसायचा. मागून आलेली कुत्री घरी गेली, हा आपला बसलेलाच. मला ते बघवेना. निफाडला माझा एक मित्र द्राक्षबागायतदार, त्याला बागेवर कुत्रा हवा होता. मी त्याला टेम्पोसकट घेऊन आलो.

"आसा कुत्रा लाखात नाय," मित्र म्हणाला. "काका, राजासारखा ठेवतो."

"ठेवाल हो. पण याची गाडी यायचीय."

"काका, ती काही येत नाही आता," मी म्हटलं. "नाहीतर तुम्ही तरी ठेवून घ्या. तुमचाच म्हणा त्याला."

काका भडकले. "माझा कसा? तो बघतोय ना रस्त्याकडे? मग! गाडी लेट आहे, रद्द नाही!"

टेम्पो रिकामा गेला. मित्र निफाडला पोचेपर्यंत मला शिव्या देत असणार.

दसऱ्याच्या आसपास एका संध्याकाळी कोपऱ्यावर रिक्षा थांबली. कडेवर बाळ घेऊन बाई चालत येत होती. मोत्या आधी उठून उभा राहिला, मग थरथरायला लागला आणि मग जो सुटला! बाई मटकन रस्त्यातच बसली. बाळ रडतंय, मोत्या दोघांभोवती गोल गोल फिरतोय, आणि ती एकीकडे हसतेय, एकीकडे डोळे पुसतेय.

"आरं माज्या राजा! वळखलंस व्हय मला! लई आजारी पडले रं... वाटलं, दिलं आसंल कुनाला तरी."

काका पायरीवरून उठले नाहीत. 'राईट टाईम' म्हणाले नाहीत. मोत्याला घेऊन रिक्षा गेली तेव्हा मी रस्ता ओलांडून त्यांच्याजवळ गेलो.

"माणसांचंही असं असतं तर," ते म्हणाले. "मी दोन दोन दिवसांनी घरी यायचो. तुमची काकू दार उघडायची, 'आलात? पाणी तापलंय,' म्हणायची आणि आत जायची. मला वाटायचं, आलो काय, न आलो काय, हिला सारखंच. शेपटी असती ना तिला, तर तेव्हाच कळलं असतं हो."

मी हसलो. तेही हसले. 

"मालगाडीला वेळ नसते," ते म्हणाले. "कधी पहाटे, कधी भर दुपारी. आणि पाणी नेहमी तापलेलं. एकदासुद्धा गार नव्हतं. मी आंघोळ करून झोपून जायचो. तुला कसं कळतं मी आत्ता येणार म्हणून, एवढं विचारायला काय झालं होतं मला?"