गिरजाबाई हयात आहेत

मायला तालुक्याला, तुमसरला न्यायची दगदग करायची नाही, ती जिवंत असल्याचं घरबसल्या मोबाईलवरच सिद्ध करायचं, असं मी चहा पिता पिता ठरवून टाकलं. (मी राईस मिलमधला कारकून. मला कॉम्प्युटरमधलं कळतं, असा माझा एकट्याचा समज आहे.)

निराधार पेन्शनचे नियम बदलले होते. पैसा आता आधारवरून थेट बँकेत येणार, आणि आपण हयात आहोत हे म्हाताऱ्या माणसानं मोबाईलला चेहरा दाखवून, पापणी लववून सांगायचं. नाही सांगितलं तर पेन्शन बंद. आमच्या सिहोऱ्यात काहींची बंद झालीही होती. माझी माय गिरजाबाई त्या पैशांतून स्वतःच्या बीपीच्या गोळ्या आणते. माझ्यापुढे हात पसरणं तिच्या स्वभावात नाही. त्यामुळे आठवडाभर तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

ठेवणीतलं लुगडं नेसून ती अंगणात खुर्चीवर बसली.

"माय, डोळे मिट."

तिनं घट्ट मिटले, ते मिटलेच.

"उघड ना आता."

"तू सांगतल्याबिगर कशी उघडू गा?"

मोबाईल म्हणाला, चेहरा जुळत नाही. चष्मा काढला, जुळत नाही. खुर्ची उन्हात नेली, सावलीत नेली, गोठ्यापाशी नेली. प्रत्येक ठिकाणी माय नव्यानं पदर सावरायची. माझी बायको सरिता ओसरीतून पाहत होती. म्हणाली, "आता विहिरीत उतरवता का त्यायले?"

माझा घाम निघायला लागला. तुमसरच्या सेवा केंद्रात ओळख होती, तिथं फोन लावला. रेंज नव्हती, म्हणून बोंबलून सांगावं लागलं, "मायचं काही खरं नाही जी. हयात नाही म्हनून राहिला."

कुंपणापलीकडे शकुनबाई भांडी घासत होत्या. भांडी तिथंच टाकून त्यांनी मायच्या माहेरी, बपेऱ्याला माझ्या मामाला, चिंधूमामाला, फोन केला.

मी ॲप काढून पुन्हा टाकत होतो, तोवर दारात टेम्पो थांबला. मामा आणि अख्खा बपेरा रडत उतरला. "बाई वो, सोडून गेली वो," म्हणत मामा अंगणात आला, तर बाई ठेवणीतल्या लुगड्यात खुर्चीवर बसलेली.

"कोन मेलं गा?" मायनं विचारलं.

मामा चाचरला. "तू."

"तुलेबी मोबाईलनंच सांगतलं का?"

मंडळी उपाशीच निघाली होती. सरितानं चहा टाकला, दूध संपलं, मग कोरा टाकला. मामा कपाळाला हात लावून बसला होता. माय मात्र चहाला शिवली नाही. म्हणाली, "साऱ्या गावाले पटलं मी मेली म्हनून. सरकारले पटाले किती येळ लागते?"

आणि तिनं स्वतःच चपला घातल्या. मी मुकाट्यानं मागोमाग निघालो.

तुमसरच्या केंद्रात रीना नावाची मुलगी होती. तिनं माझा मोबाईल घेतला, पाहिला आणि हळूच विचारलं, "काका, हा आधार नंबर कोणाचा आहे?"

माझा होता. मोबाईल सकाळपासून खरं बोलत होता. हा नंबर ज्याचा, तो माणूस ही म्हातारी नाही, एवढंच त्याचं म्हणणं होतं. रीनानं मायचा नंबर टाकला, मायनं एकदा पापणी लववली आणि काम झालं.

"झाली का मी हयात?" मायनं विचारलं.

"झाल्या, आजी."

परतीच्या एसटीत माय तरतरीत होती आणि मी दिवसभराच्या धावपळीनं पार गळून दांड्याला लोंबकळत होतो. कंडक्टर बाई आल्या. पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास फुकट. त्यांनी आम्हा दोघांकडे पाहिलं आणि फुकटाची दोन तिकिटं फाडली.

"मॅडम, एक फुल," मी म्हणालो.

"कोनाचं?"

"माझं. मी अजून साठीचाही नाही."

त्यांनी मला नीट न्याहाळलं. "लाजता कायले, आजोबा? वय काय आपल्या हाती असते?"

तेवढ्यात मागच्या सीटवरचा एक म्हातारा काठी टेकत उठला आणि मला म्हणाला, "बसा बापू, तुमी बसा. मी उभा राहतो."