नऊ वाजताचा पाऊस

"मेहुणेबुवा, तुमच्या चिमणीचा निकाल लागला म्हणून समजा!" संशोधकांनी जेवता जेवता जाहीर केलं.

मेहुण्याने हातातला घास ताटात ठेवला. तो किनाऱ्यावरच्या वीजकेंद्रात बॉयलर इंजिनिअर होता. चिमणी बंद म्हणजे त्याची नोकरी बंद.

हवेतून समुद्रात काय काय उतरतं ते मोजणं हे संशोधकांचं काम. धुरातला नायट्रोजन आणि गंधक पावसाबरोबर खाली येतात, पाण्यात शेवाळ माजतं, मासे गुदमरतात. त्यासाठी त्यांनी घराच्या गच्चीवर एक यंत्र बसवलं होतं. पट्टीवर थेंब पडला की झाकण उघडायचं, पाणी बाटलीत जायचं आणि वेळ आपोआप नोंदली जायची. गेले बारा दिवस रोज सकाळी नऊला चमचाभर पाऊस पडत होता आणि त्यात गंधक ठासून भरलेलं होतं.

"पण भावोजी, नऊला तर लख्ख ऊन असतं!"

"बारीक सरी असतात त्या. तुला नाही दिसायच्या. यंत्र खोटं बोलत नाही."

"आणि आमचा बॉयलर सोमवारपासून दुरुस्तीला बंद आहे, त्याचं काय?"

संशोधकांनी पोळीचा तुकडा मोडला. "म्हणजे आधीचं साठलेलं आता उतरतंय! हे तर जास्तच गंभीर. उद्या अकराला मोठ्या साहेबांपुढे अहवाल ठेवतो."

त्यांना समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. सकाळी मेहुणा आणि त्याची बहीण, म्हणजे संशोधकांची बायको, गुपचूप गच्चीवर गेले आणि पाण्याच्या टाकीआड उभे राहिले. ठीक नऊला संशोधक अंघोळ करून वर आले. पुसलं की केस गळतात, असं त्यांचं ठाम मत होतं, त्यामुळे उरलेसुरले केस ते तसेच ओले ठेवत. यंत्र तपासायला ते खाली वाकले. टप. टप. खट्कन झाकण उघडलं.

"पडला! पडला पाऊस!"

"अहो," टाकीआडून बायको म्हणाली, "तुमच्या डोक्यातून पडतोय तो."

संशोधकांनी डोकं चाचपलं. "असेल! पण गंधक कुठून आलं?"

बायको खाली जाऊन बाथरूममधली बाटली घेऊन आली. कोंड्यावरचा शाम्पू, बारा दिवसांपूर्वी आणलेला. वेष्टणावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'गंधकयुक्त'.

मेहुण्याने बाटली हातात घेऊन ते दोनदा वाचलं. त्याला हसू आवरेना आणि रडूही.

माणूस हट्टी असला तरी खोटा नव्हता. संशोधकांनी अहवाल काढला, 'प्रदूषणाचा स्रोत' या रकान्यातली चिमणी खोडली आणि तितक्याच ठाम हाताने लिहिलं, 'निरीक्षक'. 'उपाय' या रकान्यापाशी मात्र पेन अडलं. तेवढ्यात बायकोने त्यांच्या खांद्यावर काहीतरी टाकलं. त्यांनी एकदा मान वळवून पाहिलं आणि लिहून टाकलं, 'टॉवेल'.