बेर्नादेतबाईंचे पंगतीत ब्री चीजचे टोक उडाले, त्याची हकीकत

जाणत्यांनी कान देऊन ऐकावे. फ्रान्स मुलखी, नाँत शहरी, रविवारी दुपारी जेवणाचे टेबलावर जें रण माजले, तें आम्ही, बेर्नादेतबाईसाहेबांचे धाकटे दीर, मटणाची दुसरी वाढ घेत जातीने पाहिले, आणि जैसे जाहले तैसे लिहितो. पक्षपात आमचे रक्तात नाही. मात्र ज्याचे घरी जेवण, त्याची बाजू थोडी अधिक न्यायाची दिसते, इतकेच.

बाईसाहेब म्हणजे जबरदस्त असामी. आमचे वडीलबंधू निवर्तल्यापासून दौलत, म्हणजे तीन खोल्या, एक ओव्हन आणि एक लांब टेबल, एकहाती राखून होत्या, आणि दर रविवारी सर्वांनी जेवणास रुजू व्हावे ऐसा कायमचा हुकूम होता, आणि ताप, संप, पाऊस हे उजर दरबारी मंजूर होत नसत. बुधवारी नवे सिनेमे लागत, तेव्हां खाशी स्वारी थिएटरात जाई. आमचेकडील सिनेमावाले एकाच वतनावर जगतात: एक टेबल, भोवती घरची माणसे, आणि कोणाचे कोणाशी पटत नाही. पडद्यावर कोणी बाई नवऱ्यास सोडून प्रेमापाठी निघाली की बाईसाहेब रुमाल भिजवीत, आणि तिजला दुवा देत, आणि बाहेर येऊन म्हणत की हीच खरी शहाणी.

मग ऐसे जाहले की त्यांची एकुलती कन्या सोलेन हिने खुद्द आपला नवरा गास्पार यांस सोडिले. ते समयी ती दुवा कोठे गहाळ जाहली, शोध लागला नाही. उलट बाईसाहेबांनी सोडचिठ्ठी झालेल्या जावयास दर रविवारचे आवतण कायम केले, आणि त्यास लेकीचे समोरचीच खुर्ची दिल्ही. गास्पार दंतवैद्य, नेमस्त, बिनचूक गृहस्थ. बोलाविले की येई, आणि बाईसाहेबांस नाही म्हणण्याची त्याची छाती नव्हती. आमचीही नाही.

तेव्हां सोलेन हिने तिबो नामे भूगोलाचे मास्तर, ज्यांजवर तिचा जीव जडला होता, त्यांस घेऊन चढाई करण्याची मसलत केली, आणि टेलिफोनावरून निर्वाणीचा पैगाम धाडिला की तिबोस टेबलाशी जागा नसेल तर आपणही पुन्हा येणार नाही.

"आई, सिनेमातली बाई नवऱ्याला सोडते तेव्हा तू रडतेस. मग माझ्या वेळी काय झालं?"

"तिला मला दर रविवारी जेवायला घालावं लागत नाही."

ऐसी दोन्हीकडून तोफ डागून जाहली. परंतु त्या रात्री बाईसाहेब आम्हांस म्हणाल्या, "पोरगी खरंच यायची थांबली, तर मी कुणासाठी रांधू?" आणि आम्ही समोर बसलो असतां हा सवाल आम्हांस थोडा लागला.

रविवारी तिबो फुलांचा नजराणा घेऊन दाखल जाहले. भेटीस गालास गाल लावणे ते नाँतेस चार वेळां. बाईसाहेबांनी दोहोंतच तोंड फिरविले, आणि लढाई जाहीर जाहली. मग मटण आले, आणि पांढरा घेवडा आला, आणि बाईसाहेबांनी गास्पारचे दातांचे कसब, गास्पारची मोटार आणि गास्पारचा स्वभाव यांची ऐसी तारीफ मांडिली की खुद्द गास्पार घेवड्यात तोंड लपवू लागला. तिबो यांनी दोनदां वाढून घेऊन बुरुज थोडा ढासळविला. आणि मग चीजचे तबक निघाले.

हे तबक गोडाचे आधी येते आणि एकदांच फिरते. दुसऱ्यांदा मागणे म्हणजे यजमानाने उपाशी ठेविले ऐसा बोभाटा करणे. त्यात ब्रीची तिकोनी फाक होती. तिचे टोकाशी मऊ गाभा, मागे साल. सबब बाजूने लांबट काप घ्यावा, म्हणजे सर्वांस दोन्ही सारखे पोचते, हे आमचेकडे मूल बोलण्याआधी शिकते. तिबो यांनी सुरी आडवी घातली आणि अवघे टोक उडविले.

आम्ही पाव चावणे थांबविले. तिबो यांनी तो गाभा उचलिला आणि सोलेनचे ताटात ठेविला.

"आमच्यात असं कापत नाहीत," बाईसाहेब म्हणाल्या.

"असू द्या, घाबरला असेल," गास्पार म्हणाला, आणि ह्या मेहेरबानीत सुई होती.

"कसं कापतात ते माहीत आहे मला," तिबो कानापर्यंत लाल होऊन म्हणाले. "पण तिला तेवढंच आवडतं. साल ती ताटाच्या कडेला काढून ठेवते."

"असं?" गास्पारने सोलेनकडे पाहिले. "कधी बोलली नाहीस."

"दर रविवारी तुझ्या समोरच काढून ठेवत होते, गास्पार."

ह्या एका वाराने गास्पारचा मोर्चा उठला. भला माणूस, सगळ्यांस सारखे वाटून देण्यात त्याची उमर गेली, आणि बायकोचे ताट पाहावयाचे राहिले. आम्हांस त्याची कीव आली. त्याने रुमालाची घडी घातली आणि म्हणाला, "बेर्नादेत, पुढच्या रविवारी मी येत नाही. आधीच थांबायला हवं होतं. तुमच्या हातचं जेवण मात्र आठवेल."

तबक फिरत शेवटी बाईसाहेबांपाशी आले, घरधनिणीपाशी तें शेवटीच येते, आणि त्यांनी जी कड उरली ती घेतली. आपले ताटातील त्या सालीकडे त्या बराच वेळ पाहात राहिल्या. आमचे बंधू मरेपर्यंत चीज बिनचूक कापीत गेले.

"ह्यांनीही कधी पाहिलं नाही," त्या म्हणाल्या.

मग उठल्या, आणि मुदपाकखान्यातून ब्रीची दुसरी फाक घेऊन आल्या, आणि जे त्या घरी कधी घडले नाही ते घडले, तबक दुसऱ्यांदा टेबलावर चढले.

सबब नोंद करितो की गास्पार यांस इज्जतीने रुखसत मिळाली, आणि तिबो यांस रविवारची खुर्ची बहाल जाहली, आणि सोलेन यांची फत्ते जाहली. आणि बेर्नादेतबाईसाहेबांनी सुरी आडवी घालून अवघा गाभा आपले ताटात घेतला, आणि खुर्चीस पाठ टेकून सावकाश खाल्ला, आणि कोणास हवा काय, ऐसे विचारिले नाही.